हत्तीच्या कानामागे

आमच्या कारखान्याच्या दारावर पत्र्याची एक पाटी होती: ‘मूर्तीस हात लावू नये’. अक्षरं आप्पांनी, माझ्या वडिलांनी, स्वतः रंगवलेली, लाल, आणि ‘नये’च्या पुढे रंग उरला म्हणून काढलेलं एक कमळ. मला जोडाक्षरं वाचता येऊ लागली तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं ते हेच वाक्य. पण ते कळलं होतं त्याच्या कितीतरी आधी, पाठीत बसलेल्या धपाट्याने. ओल्या मातीचं नाक माझ्या बोटाने चेपलं होतं म्हणे. मला आठवत नाही. आई मात्र ती गोष्ट नातेवाइकांना सांगताना दर वेळी नाक थोडं जास्त चेपायची.

कारखाना म्हणजे काही वेगळी जागा नव्हती. कल्याणच्या कुंभारवाड्यात आमचं घर लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढच्या दोन खोल्यांत गणपती, मधल्या खोलीत आम्ही, मागे चूल आणि त्यामागे माती भिजवायचा हौद. सकाळ उजाडायची ती माती पाटावर आपटल्याच्या आवाजाने. मातीत पिंजलेला कापूस घालून आप्पा ती कुटत असत, आणि तो धप्प धप्प आवाज भिंतीतून माझ्या उशीत यायचा. हौदाच्या सांडपाण्यावर आईने अळू लावलं होतं. ते बारमाही वाढायचं, त्यामुळे आमच्याकडे बारमाही अळूवड्या. आई पान पालथं घालायची, मागच्या जाड शिरा सुरीने अलगद तासायची आणि मग त्यावर पीठ चोपडायची. मी घोडबंदर रोडला राहायला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. खाली गाड्यांची रांग दिवसभर तिथल्या तिथे हॉर्न वाजवत उभी असते, आणि मी वर कणीक मळत असते. गोळा हातात आला की बोटं आपोआप त्याला सोंड काढू लागतात. सून हसते. मी ती सोंड मोडते आणि पोळी लाटते.

आमच्या आळीत पदवी घेतलेली मी पहिली. ही गोष्ट मी अभिमानाने सांगते, पण एकटीची म्हणून सांगत नाही, कारण त्या पदवीत निम्मा वाटा नलूचा आहे. नलू माझ्याबरोबर ठाण्याच्या कॉलेजात होती. ती जन्मापासून अंध. वर्तकनगरच्या वसाहतीत राहायची, वडील कंपनीत कामाला. आमच्या सरांनी पहिल्याच वर्षी वर्गात विचारलं की हिला पुस्तकं कोण वाचून दाखवेल, आणि मी का कोण जाणे, हात वर केला. मी वाचायची आणि ती लक्षात ठेवायची. मी शब्द चुकीचा वाचला की ती टेबलावर बोटाने टकटक करायची. परीक्षेच्या आधी मी घाबरले की तीच मला सगळं परत सांगायची. स्वभावाने तिखट. कुणी रस्ता ओलांडून द्यायला न विचारता दंड धरला तर म्हणायची, “मला सोडा, तुम्हालाच कुठे पोचवायचं असेल तर सांगा.” आम्ही दोघी बी.ए. झालो तेव्हा आप्पांनी आळीत पेढे वाटले आणि तिच्यासाठी एक पुडा वेगळा ठेवला.

त्यानंतरचे महिने मात्र मला आठवले तरी अजून अस्वस्थ व्हायला होतं. नोकरीसाठी अर्ज केले होते, मुलाखती दिल्या होत्या, उत्तर कुठूनच येत नव्हतं. कारखान्यात बसावं तर नखांत माती जाते याची लाज वाटायची, आणि बाहेर जावं तर जायला ठिकाण नव्हतं. मी उगाच हौदापर्यंत जायची, पाणी ढवळायची, परत दारापर्यंत यायची. आई म्हणायची, “अगं, पाय बांधून ठेवू का तुझे?” शिकल्यावर माणूस मोठं होतं असं सगळे सांगत होते. मला तर मी घरात कुठेच बसत नाही असं वाटत होतं, कपाट हलवल्यावर एखादं स्टूल उरावं तशी.

अशातच एकदा नलूने सांगितलं की मुंबईतल्या प्राणिसंग्रहालयात अंध लोकांसाठी काही प्राण्यांचे पुतळे ठेवायचे घाटत आहे, हाताने चाचपून पाहण्यासाठी. तिच्या शाळेतल्या जुन्या बाईंना, पाटणकर मॅडमना, त्यासाठी माणूस शोधायला सांगितलं होतं. नलू लहानपणी शाळेच्या सहलीला तिथे गेली होती. “मला काय दिसलं माहितीये?” ती म्हणाली. “वास. आणि लोकांचं ‘अरे बघ बघ, केवढा आहे.’ केवढा आहे ते कुणी सांगितलं नाही.” मी तिथल्या तिथे म्हणाले, माझे वडील करतील. त्यांना विचारलं नव्हतं. पण कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून काहीतरी ठाम निघालं होतं आणि ते मागे घेववेना.

आप्पांनी फार विचार केला नाही. वाघ, मगर, कासव आणि हत्ती, एवढंच ना, म्हणाले. देवांची वाहनं जन्मभर करत आलोय. शाडूचे नमुने आम्ही करून द्यायचे, मॅडमनी पसंत केले की दुसरीकडे त्यांचे साचे घेऊन फायबरचे पक्के पुतळे होणार होते. एकदा साचा झाला की फेरफार नाही. आप्पांची अट एकच होती, अक्षय्य तृतीयेला गणपतीचं काम सुरू होतं, त्याआधी जागा मोकळी व्हायला हवी. आणि मग ते त्या कामात असे बुडाले की जेवायला हाका माराव्या लागत. हत्ती त्यांनी शेवटी घेतला. वासराएवढा, उभा. त्याच्या कपाळाचा उंचवटा, सोंडेवरच्या वळ्या, गालाचा भरीवपणा, सगळं इतकं सुंदर उतरलं होतं की शेजारचे कारखानेवाले मुद्दाम येऊन पाहून गेले. एकाने तर नकळत हात जोडले. तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पण आमच्या आळीतल्या सगळ्यांनी हत्तीचं तोंड आयुष्यभर एकाच ठिकाणी पाहिलेलं.

मॅडमना दाखवण्याआधी नलूने पाहावं असं मी सुचवलं. त्या दिवशी आईने अळूवड्या केल्या. मी स्टेशनवरून नलूला रिक्षाने आणलं. दारात पोचल्यावर मी तिला पाटीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं, मला वाचता येत नाही.” आप्पा हसले नाहीत. ते नवा सदरा घालून उभे होते. आईने नलूचे हात स्वतः धुतले आणि कानाशी लागून म्हणाली, “पोरी, बरंच बोल हो, रात्रीचं नीट जेवले नाहीयेत ते.”

कासव तिला आवडलं. मगरही. वाघाच्या जबड्यावरून बोटं फिरवत ती थांबली आणि विचारलं, हा हसतोय का? आप्पा म्हणाले, वाघाचं तोंड असंच असतं. मग तिचा हात पाठीवर गेला. पाठ सपाट होती, पाटासारखी. “काका, वाघाच्या पाठीवर बसायला जागा असते?” देवी बसते तिथे. आप्पांच्या हातांनी आजवर देवीशिवाय वाघ केलाच नव्हता. नलू वाघाच्या मागे गेली, तर तिथे नुसता मातीचा ओबडधोबड लपका. आप्पा घाईने म्हणाले की हात पुढून लावायचा, मागची बाजू भिंतीकडे असते. गणपती मखरात बसतो, पाठ कोण बघतं, म्हणून आमच्याकडे मूर्तीची पाठ कधी कुणी घडवतच नाही. नलू म्हणाली, “काका, पुढची बाजू कुठली ते मला मागे गेल्याशिवाय कसं कळणार?” ती गमतीने म्हणाली होती, पण आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शेवटी ती हत्तीपाशी आली. कपाळ, डोळ्यांच्या कडा, डावीकडे वळलेली सोंड, सगळं दोन्ही हातांनी सावकाश. मग एका सुळ्यावरून तिची बोटं टोकापर्यंत गेली, दुसऱ्यावर आली आणि मध्येच संपली. तिने परत पाहिलं.

“याचा एक दात कुणी मोडला?”

आम्ही तिघांनी एकदम पाहिलं. उजवा सुळा अख्खा, डावा अर्धा, वर्षानुवर्षं करतात तसाच नीट गोल घासलेला. इतके दिवस तो आमच्या डोळ्यांसमोर होता, आळीतली माणसं येऊन वाखाणून गेली होती, आणि तो मोडका सुळा कुणालाच मोडका दिसला नव्हता. आप्पा पायरीवर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. आईने हातातल्या ताटलीकडे पाहिलं. नलूने मात्र हात काढला नव्हता. तिचा आवाज बदलला होता.

“वैजू, हा गणपती आहे ना?”

मी हो म्हणाले.

“आमच्याकडे दर वर्षी येतो. मला सांगतात, नमस्कार कर, समोरच आहे. आरतीला टाळ देतात हातात. हात लावायला कुणी देत नाही, रंग जातो म्हणून.” तिचा तळवा परत कपाळावर गेला. “असा असतो होय तो.”

पायरीवर आप्पा हलले नाहीत. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

पुढचे दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. मला वाटलं होतं की सुळ्याला चिमूटभर माती लावली की झालं. वाघाची पाठ त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुकाट्याने गोल केली, मागचे पायही घडवले. हत्तीला मात्र हात लावेनात. त्याच्यावर ओलं फडकं टाकून ठेवलं, माती सुकू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ ते भिजवायचे, आणि बस्स. आईची भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. मॅडमचा निरोप आला की येत्या आठवड्यात त्या बघायला येत आहेत. मी आप्पांच्या मागेपुढे करत राहिले. शेवटी ते म्हणाले की हा आता हत्ती राहिलेला नाही. त्यांनी हत्ती करायला घेतला आणि हातांनी देव केला, यात त्यांचा इलाज नाही. देवाला दुसरा दात चिकटवून जनावर करायचं नाही, आणि देव म्हणून तो प्राणिसंग्रहालयात द्यायचा नाही. चपला घालून, शेंगा खात लोक येणार आणि त्याच्या डोक्यावर थापट्या मारणार. मी म्हणाले, आप्पा, प्रतिष्ठापना झालेली नाही, अजून माती आहे ती. ते माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, “तू बी.ए. झालीस. तुला माती वाटत असेल.”

ते वाक्य मला फार लागलं. नलूला मी शब्द दिला होता आणि तिच्या भरवशावर मॅडमनी प्राणिसंग्रहालयाला. हत्तीशिवाय बाकीचं काही स्वीकारणार नाहीत हेही कळलं होतं, कारण अंधशाळेतल्या मुलांनी पहिला मागितला होता तो हत्तीच. एकीकडे आप्पा, एकीकडे नलू, आणि मधे मी, हौदापासून दारापर्यंत. मी रागाने आईला म्हणाले की चूक त्यांची आणि शिक्षा आम्हाला. आई अळूच्या शिरा तासत होती. मान वर न करता तिने मोठ्याने, पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, “दर वर्षी आपणच आणतो आणि आपणच पाण्यात पोचवतो. तेव्हा कुणी अडून बसतं का? यालाही पोचवा. पुन्हा यायला सांगा, हत्ती होऊन.”

थोड्या वेळाने आप्पा मधल्या दारात आले आणि मला म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीला बोलाव. तिचा नमस्कार राहिलाय.”

म्हणजे त्या दिवशी पायरीवर त्यांनी तिचं बोलणं ऐकलं होतं.

नलू आली तेव्हा आप्पांनी स्वतः ते ओलं फडकं बाजूला केलं आणि तिच्याजवळ पाट सरकवला. “बघ, बाय. सावकाश बघ.” मी पाटीखाली उभी होते. त्या खोलीत परक्या माणसाने, देव आहे हे माहीत असून, आप्पांच्या देखत मूर्तीला हात लावलेला मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि तेही इतक्या निवांत, पापण्यांपासून नखांपर्यंत. शेवटी तिची बोटं कानाच्या कडेने फिरून मागे गेली आणि अडली. कान मागून डोक्याला सपाट चिकटवलेला होता.

“काका, कानामागे काय असतं?”

आप्पांनी आयुष्यात किती हत्तीचे कान केले असतील, मला सांगता यायचं नाही. मोठे सुपासारखे, छोटे पानासारखे, बाळगणपतीचे, मंडळाचे. ते तिच्या बोटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माहीत नाही गं.” एवढं सरळ ‘माहीत नाही’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग आईने हळदकुंकू आणलं. हत्तीला हात नव्हते, म्हणून दही सोंडेच्या वळणावर ठेवलं. आप्पांनी अक्षता टाकून मूर्ती जागेवरून जराशी हलवली, निरोप देताना हलवतात तशी. आम्ही सगळ्यांनी मिळून ती हौदापाशी नेली. नलूनेही खालच्या फळीचा एक कोपरा धरला होता आणि आप्पा तिला ‘सांभाळून, पायरी आहे’ म्हणत होते. त्या दिवशी ती कुणावर खेकसली नाही. कपाळ विरघळायला वेळ लागला. आई आत निघून गेली. मला वाटलं होतं की सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. पाण्यातून वर येणारे बुडबुडे बघत मी उभी होते आणि मला प्रथमच पटलं की ती नुसती माती नव्हती.

मॅडमना आम्ही खरं काय ते सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आणखी थोडे दिवस मागून घेतले आणि प्राणिसंग्रहालयाकडून खऱ्या हत्तीला हात लावायची परवानगी काढली. एका सकाळी, लोक यायच्या आधी, आम्ही तिघं तिथल्या हत्तिणीपाशी उभे होतो, आप्पा, नलू आणि मी. माहुताने हत्तिणीला उसात गुंतवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. आप्पा आधी लांबूनच नमस्कार करत राहिले. मग नलूने त्यांचा हात धरला, न विचारता, आणि दोघांचे हात त्या प्रचंड कानाच्या आड गेले. आप्पांनी डोळे मिटले होते. बराच वेळ त्यांचा चेहरा नुसता हलत होता, लहान मुलाच्या तोंडात नवा पदार्थ गेल्यावर हलतो तसा.

“मऊ आहे गं,” ते म्हणाले. “केवढं मऊ. आणि शिरा.” मग माझ्याकडे वळून, जणू मीच इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं, “अगं, अळूचं पान आहे. पालथं.”

नलू म्हणाली, “काकू तासतात त्या शिरा?”

“त्याच.”

नवा हत्ती आप्पांनी बराचसा डोळे मिटून केला. मधेच आईला अळूचं पान आणायला सांगायचे आणि आई पान देताना कुरकुरायची की वडीचं पान मातीत गेलं. अक्षय्य तृतीया उलटून गेली, गणपतीचं काम मागे पडलं, आळीतले लोक हसले. मी त्या दिवसांत माती कुटली, कापूस पिंजला, नखांकडे पाहिलं नाही. दोन सुळे, दोन्ही अख्खे. सोंड सरळ खाली, आणि तिच्या टोकाला नाकपुड्या, ज्या आमच्या कुठल्याच मूर्तीला नसतात. मागची बाजू पुढच्याइतकीच. मॅडमबरोबर शाळेची मुलं आली होती. एकाने शेपूट आधी धरलं आणि तिथून सुरुवात करून सगळा हत्ती पाहिला. आप्पा दाराशी उभे राहून त्याला पाहत होते. तो कानापर्यंत पोचेतो त्यांनी श्वास रोखून धरला असावा, कारण मूल ‘ए, इथे मऊ आहे’ म्हणालं तेव्हा ते एकदम खोकले. मऊ काही नव्हतं. शाडूच होती.

त्याच सुमारास मला नोकरीचं पत्र आलं आणि मी कारखान्यातून बाहेर पडले, ती कायमचीच. ज्यांनी मला शिकवलं, त्यांच्या ऋणात मी आहे. पण हात कशासाठी असतात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि ते कुठल्या पेपरात आलं नव्हतं.

त्या वर्षीपासून आप्पा प्रत्येक गणपतीची पाठ घडवू लागले. वेळ जायचा, मूर्ती कमी व्हायच्या, आई बोलायची. गिऱ्हाईक पाट घेऊन यायचं, मूर्ती फिरवून बघायचं आणि हसायचं, “आप्पा, मखरात ठेवल्यावर मागचं कोण बघणार?” आप्पा कानामागच्या शिरांवरून कोरणी फिरवत म्हणायचे, “कोणी नाही.” आणि फिरवत राहायचे. वर्तकनगरची, नलूच्या घरची मूर्ती ते सगळ्यात शेवटी रंगवत. नलू आदल्या दिवशी येऊन बसायची, रंग चढायच्या आधी. आप्पा पाटीखालून तिला आत घ्यायचे, वरचं फडकं उचलायचे आणि मूर्ती तिच्याकडे पाठ करून ठेवायचे.

“इथून सुरू कर, बाय,” म्हणायचे. “पुढचं काय, सगळेच बघतात.”